न मोडण्याचे वचन : संगणकभाषांच्या आवृत्त्या आणि स्थैर्याचा प्रश्न

‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? पाटीवर मुळाक्षरे गिरवलेले कोणतेही मूल सांगेल, तीन : म, रा, ठी. हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीला विचारला, तर यूटीएफ-८ या रूढ साठवणीत उत्तर येते पंधरा. तिसऱ्या पिढीला विचारला, तर पाच. पंधरा ही त्या शब्दाने संगणकाच्या स्मृतीत अडवलेल्या बाइटची संख्या आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे तीन बाइट घेते. पाच ही युनिकोडने मानलेल्या चिन्हांची संख्या आहे : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. मुलाचे तीन हे उत्तर दोघींपैकी एकीचेही नाही.

एकाच भाषेच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांनी एकाच शब्दाची लांबी वेगवेगळी सांगावी आणि एका पिढीतून दुसरीत जाण्यासाठी जगभरच्या प्रोग्रॅमरांनी अकरा वर्षे खर्ची घालावीत, ही अलीकडच्या काळातील एक मोठी भाषिक घटना आहे. आपल्याकडे तिची चर्चा झाली ती केवळ तंत्रज्ञांच्या वर्तुळात. वास्तविक संगणकभाषेची नवी आवृत्ती निघते तेव्हा तिच्यासोबत बराच गद्य मजकूरही प्रसिद्ध होतो. नवे काय, मोडले काय, जुन्या प्रोग्रॅमांचे काय करायचे, पुढे काय बदलणार नाही, हे त्यात सांगितलेले असते. तो मजकूर वचन देतो, अपवाद नोंदवतो, कधी चूक कबूल करतो, कधी चुकीचा सल्ला देतो. त्याच्यावर विसंबून लाखो माणसे आपली कामे रचतात. अशा मजकुराचे परीक्षण करणे हे समीक्षेचे काम आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तीन-चार भाषांच्या संदर्भात तसा प्रयत्न केला आहे. प्रश्न एकच आहे : स्थैर्याचे वचन भाषा नेमके कोणाला देते?

उदार वाचक, अनुदार वाचक

आधी एक फरक स्पष्ट करू. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि केवळ व्युत्पत्तीपोटी लिहिले जाणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तरी आज जुने पुस्तक उघडले आणि त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ दिसले तर आपण अडखळत नाही. माणूस हा उदार वाचक आहे. मागचापुढचा संदर्भ लावून, थोडे इकडेतिकडे झाले तरी तो अर्थ काढतो. नियम बदलला म्हणून जुनी ग्रंथसंपदा बंद पडली नाही.

संगणक हा अनुदार वाचक आहे. पायथनच्या दुसऱ्या पिढीत पडद्यावर मजकूर उमटवण्याची ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसाविना लिहिता येई. तिसऱ्या पिढीत कंस सक्तीचा झाला. कंस नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. येथे अनुस्वार गेला की अख्खे पुस्तक मिटते. म्हणून संगणकभाषेत व्याकरणसुधारणा करणाऱ्यावर पडणारी जबाबदारी शुद्धलेखनाचे नियम करणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठी असते. जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत जसाच्या तसा चालणे याला तंत्रज्ञ पूर्वसुसंगतता म्हणतात. आवृत्तीच्या संदर्भात स्थैर्य हा शब्द बहुधा याच अर्थाने येतो.

अनुदार वाचकाच्याही दोन तऱ्हा आहेत. पहिली ओरडून अडवणाऱ्याची. ‘प्रिंट’चा बदल त्यात मोडतो, चूक लगेच दिसते, दुरुस्तही होते. दुसरी तऱ्हा अधिक घातक. पायथनच्या दुसऱ्या पिढीत सात या पूर्णांकाला दोनने भागले की उत्तर येई तीन. तिसऱ्या पिढीत येते साडेतीन. दोन्ही वेळा प्रोग्रॅम सुरळीत चालतो, कोठे लाल अक्षर दिसत नाही, फक्त हिशेब निराळा येतो. या बदलाची पूर्वसूचना देणारी आणि तो आधीच लागू करून पाहण्याची सोय दुसऱ्या पिढीत होती हे खरे. पण ती आपण होऊन वापरायची होती. ज्याला धोका ठाऊकच नाही, तो ती कशाला वापरेल?

पायथन : हेतू योग्य, वाट चुकीची

पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या अखेरीस या भाषेचे काम सुरू केले. ३ डिसेंबर २००८ रोजी आवृत्ती ३.० प्रसिद्ध झाली. तिच्यासोबतच्या निवेदनाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रांजळपणा. ही आवृत्ती जुन्याशी जाणूनबुजून फारकत घेत आहे, हे त्यात आरंभीच सांगितले आहे. व्यापारी कंपन्यांच्या पत्रकांत असला कबुलीजबाब क्वचितच सापडेल.

फारकतीचा हेतूही क्षुद्र नव्हता, आणि मराठी वाचकाला तर तो जवळचा वाटावा. दुसऱ्या पिढीत मजकूर दोन रूपांत वावरे : कच्चे बाइट आणि युनिकोड. दोन्ही एकत्र आले की भाषा निमूटपणे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करी, आणि ते करताना कच्चे बाइट म्हणजे इंग्रजी लिपीच, असे गृहीत धरी. परिणाम असा, की एखाद्या प्रोग्रॅमची चाचणी ‘जॉन’ आणि ‘मेरी’ या रोमन लिपीतील नावांवर घेतली तर तो उत्तम चाले. पुढे कधीतरी ‘सावित्री’ हे नाव देवनागरीत येई आणि तो कोसळे. दोष प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून होता. तो उघड होण्यासाठी आपल्यासारख्या कोणाला तरी यावे लागे. तिसऱ्या पिढीने मजकूर आणि बाइट यांची सरळ फाळणी केली. आता दोन्ही मिसळले तर नाव कोणत्याही लिपीतले असो, प्रोग्रॅम तेथेच अडतो. चूक पाहुण्याच्या अंगणात फुटण्याऐवजी घरच्या अंगणात फुटू लागली. हा न्याय्य बदल होता.

मग बिघडले कोठे? निवेदनातील सल्ल्यात. जुने प्रोग्रॅम नव्या पिढीत कसे न्यावेत, याची कृती त्यात पायरीपायरीने दिलेली आहे. मूळ प्रोग्रॅम जुन्या भाषेतच ठेवावा, ‘टू-टू-थ्री’ नावाच्या साधनाने त्याचे रूपांतर करावे, आणि दुरुस्ती हवी तेव्हा जुन्यात करून पुन्हा रूपांतर करावे, असा तिचा सारांश. दोन्ही पिढ्यांत चालेल असा एकच मजकूर लिहिण्याच्या फंदात पडू नये, असेही त्यात बजावले होते. प्रत्यक्षात लोकांनी पुढे नेमके तेच केले. कारण उघड आहे. ज्याच्या ग्रंथसंग्रहावर हजारो लोक अवलंबून आहेत, त्याला एका रात्रीत सर्वांना पलीकडे नेता येत नाही. काही वर्षे दोन्ही तीरांवर पाय ठेवावाच लागतो. भाषेने पूल बांधायचा सोडून होडी दिली होती, तीही एकाच दिशेने जाणारी.

ही चूक पुढे सुधारली गेली, पण फार सावकाश. दुसऱ्या पिढीत युनिकोड मजकुरामागे ‘यू’ हे अक्षर लावत. तिसऱ्या पिढीने ते अनावश्यक म्हणून काढून टाकले होते. २०१२ साली आवृत्ती ३.३ मध्ये ते परत आले. त्याचे काम काहीच नव्हते. जुना मजकूर अडू नये एवढेच. बाइटमध्ये थेट माहिती भरण्याची जुनी पद्धत २०१५ साली ३.५ मध्ये परत आली. दुसऱ्या पिढीचा निरोपसमारंभ आधी २०१५ साली ठरला होता. २०१४ साली तो पाच वर्षे पुढे ढकलावा लागला आणि १ जानेवारी २०२० रोजी पार पडला.

त्या कृतीची पहिली पायरी मला सर्वांत बोलकी वाटते. रूपांतर सुरू करण्यापूर्वी तुमच्या प्रोग्रॅमला चांगल्या चाचण्या असाव्यात, असे तेथे म्हटले आहे. सल्ला अचूक आहे. पण चाचण्या असतात कोणाकडे? मोठ्या कंपन्यांकडे, नावाजलेल्या प्रकल्पांकडे. एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने आकडेमोडीसाठी लिहिलेल्या किंवा लिहिणारा माणूस केव्हाच निघून गेलेल्या छोट्या संस्थेतल्या प्रोग्रॅमला चाचण्या नसतात. म्हणजे मोडतोडीची सर्वांत मोठी झळ ज्याला बसणार, त्याच्याच हाती पहिल्या पायरीचे साधन नव्हते. बदलाचा खर्च भाषा बदलणाऱ्याच्या वहीत दिसत नाही; तो इतरांच्या वह्यांत थोडाथोडा पडतो. म्हणून तो नेहमी आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

दोन वर्षांचे मौन

याच काळात पायथनच्या मंडळींनी एक निर्णय घेतला. माझ्या मते तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय होता, पण त्याचे कौतुक फारसे झाले नाही. २००९ साली व्हॅन रॉसम आणि त्यांचे दोन सहकारी यांच्या नावे एक प्रस्ताव आला : आवृत्ती ३.१ नंतर किमान दोन वर्षे भाषेच्या व्याकरणात आणि मूळ शब्दसंग्रहात बदल करायचा नाही. तो मान्य झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ३.२ मध्ये व्याकरणाचा नवा नियम नाही. आहे ती सोबतच्या ग्रंथसंग्रहाची डागडुजी आणि सुधारणा. हेतू असा, की पायथन वेगवेगळ्या यंत्रणांवर चालवणाऱ्या इतर प्रकल्पांना बरोबरीने यायला उसंत मिळावी.

ती उसंत हवीच होती. ३.० मध्ये फायली वाचण्या-लिहिण्याची नवी यंत्रणा इतकी संथ होती, की २००९ सालच्या ३.१ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहावी लागली. नव्या व्याकरणाच्या उत्साहात जमिनीवरची फरशी पक्की बसवायची राहिली होती.

नवे काही न करण्याचा ठराव करणे कोणत्याही सर्जनशील समूहाला अवघड जाते. मानसन्मान नव्याला मिळतो. आपल्या वाङ्मयव्यवहारातही नव्या कादंबरीचे प्रकाशन होते. कोशाची सुधारलेली आवृत्ती निघाली तर तिची दोन ओळींत पोच दिली जाते. चाचण्या लिहिणारे, माहितीपुस्तिका अद्ययावत ठेवणारे, जुने दोष शोधणारे लोक संगणकभाषांच्या जगात कोशकारांचे काम करतात. दोन वर्षांचे ते मौन ही त्यांच्या कामाला दिलेली जागा होती.

गो : वचनाचे गद्य

पायथनची ही ओढाताण चालू असतानाच, २८ मार्च २०१२ रोजी गूगलमध्ये जन्मलेल्या ‘गो’ या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिच्यासोबत एक छोटे निवेदन होते. पहिल्या आवृत्तीच्या नियमांनुसार लिहिलेला प्रोग्रॅम त्या नियमांच्या हयातीत, न बदलता, पुढेही बांधला जाईल आणि चालेल, असा आमचा मानस आहे, हा त्याचा आशय.

वचन म्हणून हा मजकूर वाचण्यासारखा आहे, तो त्यातील अपवादांमुळे. सुरक्षेसाठी बदलावे लागले तर बदलू. नियमावलीतच चूक सापडली तर दुरुस्त करू. यंत्रणा नियमाविरुद्ध वागत असेल तर ती सुधारू. आणि नियमावलीने ज्याबद्दल काही म्हटलेलेच नाही, त्यावर कोणी विसंबू नये. ‘कधीच काही बदलणार नाही’ असे म्हणणारा खोटे बोलत असतो. आपण कोठे बदलू शकतो हे आधीच सांगणारा विश्वासार्ह ठरतो. २०२३ साली गोच्या चालकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले : जुने प्रोग्रॅम मोडणारी दुसरी पिढी येणारच नाही, असे त्यांनी जाहीर केले. २०२४च्या फेब्रुवारीत फेऱ्यांच्या चलपदांसंबंधीचा एक जुना, अनेकांना फसवणारा नियम त्यांनी बदलला; पण जो प्रकल्प आपल्या नोंदीत नवी आवृत्ती मागतो, त्यालाच नवा नियम लागू होतो. जुन्याला जुनाच.

अपवादांपैकी शेवटचा, म्हणजे नियमावलीने न सांगितलेल्या गोष्टींचा अपवाद, सर्वांत कठीण. गूगलमधील अभियंते हायरम राइट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. त्याचा मथितार्थ असा : वापरणारे पुरेसे वाढले, की तुम्ही काय लिहून दिले होते याला महत्त्व उरत नाही, यंत्रणेच्या प्रत्येक दृश्य वागणुकीवर कोणीतरी विसंबलेला असतोच.

यावर दोन भाषांनी काढलेले दोन उपाय शेजारी ठेवून पाहावेत. किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांचा कोश दोन्ही भाषांत असतो. त्यातील नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर येतील? गोच्या नियमावलीने क्रमाची हमी दिली नव्हती. तरी लोक दिसणाऱ्या क्रमावर विसंबू लागतील हे ओळखून, पहिल्याच स्थिर आवृत्तीपासून तो क्रम मुद्दाम अनिश्चित केला गेला. ज्याचे वचन नाही त्याची सवयही लागू द्यायची नाही, असा हा कडक बाणा. पायथनने उलट केले. ३.६ मध्ये यंत्रणेच्या अंतर्गत सुधारणेमुळे नोंदी भरल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागल्या. तेव्हा हा केवळ तपशील होता. लोकांना तो आवडला, ते त्यावर विसंबू लागले. २०१८च्या ३.७ मध्ये तोच क्रम माहितीपुस्तिकेत हमी म्हणून नोंदला गेला.

एकीने सवय लागू दिली नाही. दुसरीने सवयीला नियमाचा दर्जा दिला. दोन्ही उपाय मला प्रामाणिक वाटतात, कारण दोन्हींत वागणूक आणि लेख यांच्यातील अंतर मिटवले आहे. अप्रामाणिक मार्ग तिसरा आहे : लोकांना विसंबू द्यायचे, लेखात काही म्हणायचे नाही, आणि एके दिवशी बदल करून ‘आम्ही कोठे हमी दिली होती?’ असे विचारायचे.

चाचणी आणि लेख : वचनाचे दोन साक्षीदार

वचन पाळले जाते आहे हे कळायचे कसे? येथे चाचणी येते. २०१५च्या मे महिन्यात पहिली स्थिर आवृत्ती देणाऱ्या रस्ट या भाषेची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. एवढ्या वेगात स्थैर्य टिकावे यासाठी त्यांच्याकडे ‘क्रेटर’ नावाची यंत्रणा आहे. भाषेत काही धोक्याचा बदल करायचा असेल, की सार्वजनिक भांडारात असलेले रस्टमधील प्रकल्प नव्या आवृत्तीने बांधून पाहायचे आणि कोणकोणते मोडले याची यादी काढायची. म्हणजे बदलाचा जो खर्च इतरांच्या वह्यांत पडतो असे वर म्हटले, तो येथे निर्णयापूर्वीच भाषेच्या स्वतःच्या वहीत उतरवला जातो. यापेक्षा चांगली हिशेबाची पद्धत मला ठाऊक नाही. तिला एकच मर्यादा आहे : भांडारात जो नाही, तो यादीतही नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे लेख, तंत्रज्ञांच्या परिभाषेत दस्तऐवजीकरण. नुसत्या लेखाची अडचण अशी, की तो शिळा होतो. भाषा पुढे जाते, पुस्तिकेतील उदाहरण मागे राहते, आणि पहिल्याच धड्यात विद्यार्थी अडखळतो. यावर पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे : पुस्तिकेत लिहिलेले उदाहरण हीच चाचणी समजून चालवून पाहायची. उत्तर जुळले नाही, तर एक तर प्रोग्रॅम चुकला आहे किंवा पुस्तक. रस्टमध्ये ही पद्धत आरंभापासूनच अंगवळणी पाडलेली आहे. लेख आणि चाचणी एकमेकांना तपासू लागले, की स्थैर्य कोणा एकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहत नाही.

या परंपरेचे मूळ शोधायला गेले तर आपण डोनाल्ड क्नूथ यांच्यापाशी पोचतो. ग्रंथजुळणीसाठी त्यांनी निर्माण केलेली ‘टेक’ ही प्रणाली ही स्वतःच एक भाषा आहे. तिचा संपूर्ण प्रोग्रॅम स्पष्टीकरणासह त्यांनी १९८६ साली पुस्तकरूपाने छापला. तिला छळून पाहण्यासाठी ‘ट्रिप’ नावाची विचित्र चाचणी रचली. ती उत्तीर्ण होईल त्याच प्रोग्रॅमने टेक हे नाव लावावे, असा दंडक घातला. आपल्या चुकांची वर्षानुवर्षांची नोंदवही १९८९ साली शोधनिबंधातून प्रसिद्ध केली. चूक शोधणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश पाठवत. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी नवी भर थांबवली. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात पायच्या दशांशाचा एकेक अंक वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय हाच व्हावा आणि उरलेल्या चुका वैशिष्ट्ये मानल्या जाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे.

नावाविषयीची ही कडक शिस्त मराठी वाचकाला अनोळखी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले आणि यापुढे तिच्यात कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. ज्याला नवे लिहायचे आहे त्याने ते आपल्या नावाने लिहावे; एकनाथांनी स्वतः तेच केले. पर्ल या भाषेच्या सहाव्या पिढीला हे उशिरा उमगले. २००० साली तिची घोषणा झाली, २०१५च्या डिसेंबरमध्ये ती आली, आणि जुन्या पर्लपासून ती इतकी वेगळी होती, की २०१९ साली तिचे ‘राकू’ असे स्वतंत्र नामकरण करावे लागले. इतकी वर्षे एका नावाखाली दोन भाषा राहिल्या. पाचवीवर काम करणाऱ्यांच्या डोक्यावर सहावीची टांगती तलवार राहिली, आणि सहावीला स्वतःची ओळख मिळाली नाही.

स्थैर्य, पण कोणाचे?

येथपर्यंतचा युक्तिवाद स्थैर्याच्या बाजूने झुकतो. पण तो येथेच संपवला तर अर्धसत्य ठरेल. क्नूथ यांची प्रणाली गोठली खरी. परंतु गोठण्यापूर्वी तिला एकदा उघडावे लागले होते. १९८९ साली इंग्रजीबाहेरच्या युरोपीय भाषांत काम करणाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले, की सात बिटांत मावणारी चिन्हे त्यांना पुरत नाहीत. क्नूथ यांना ते पटले आणि आठ बिटांची तिसरी आवृत्ती निघाली. आवृत्ती दोनपाशीच दार बंद झाले असते तर ते स्थैर्य इंग्रजी लिहिणाऱ्यांचे असते. आठ बिटांतही देवनागरीची नीट सोय नव्हतीच. थेट युनिकोड वाचणारी ‘झीटेक’ ही प्रणाली जोनाथन क्यू यांनी २००४ साली दिली, तीही वेगळ्या नावाने.

पायथनची गोष्ट याच उजेडात पुन्हा वाचावी लागते. ‘चालते आहे ते मोडू नका’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे खरोखर चालत होते, कारण त्यांची माहिती रोमन लिपीत होती. ज्यांचे चालत नव्हते, त्यांच्यासाठी जुने स्थैर्य म्हणजे कायमची गैरसोय. मोडण्याचा निर्णय आपल्या बाजूचा होता. मोडण्याची रीत मात्र कोणाच्याच बाजूची नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे : स्थैर्य सर्वांना सारखे मिळत नाही. ज्याचा वापर नियमावलीत लिहिलेला आहे आणि चाचण्यांत नोंदलेला आहे, त्याचेच रक्षण होते. उरलेल्यांना उपकार म्हणून जे मिळते, ते पुढच्या आवृत्तीत काढूनही घेतले जाऊ शकते. आपण मराठीत काम करणारे लोक अजून बहुतांशी या दुसऱ्या रांगेत आहोत.

याचा पुरावा लेखाच्या आरंभीच्या प्रश्नात आहे. ‘मराठी’ची लांबी तीन सांगणारी भाषा अस्तित्वात आहे. ॲपलची स्विफ्ट ही भाषा वाचकाला दिसणारी अक्षरे मोजते आणि मुलाइतकेच बरोबर उत्तर देते. पण ‘क्षमा’ हा शब्द घ्या. मूल सांगेल, दोन अक्षरे. अक्षर कोठे संपते हे ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांनुसार मात्र क् आणि ष वेगळे धरले जात, म्हणून उत्तर येई तीन. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नियम सुधारला आणि ‘क्ष’ एकसंध झाला. अशा तऱ्हेने अक्षरे मोजणाऱ्या कोणत्याही भाषेत, नवे नियम आले की ‘क्षमा’ची लांबी तीनची दोन होणार. ओरडून अडवणारा हा बदल नाही; भागाकारासारखा निमूट बदल आहे. कोठे नावाच्या रकान्याची मर्यादा चुकेल, कोठे तीन अक्षरांची नोंद दोनाची होईल. आणि तरीही बदल योग्यच आहे, कारण उत्तर आता खरे येते.

अशा वेळी स्थैर्याचा आग्रह धरायचा की सुधारणेचा? माझे उत्तर : सुधारणेचा, आणि तीन अटींवर. बदल ठळकपणे लिहिलेला असावा. तो स्वीकारण्याची वेळ वापरणाऱ्याने ठरवावी. आणि तो कोणाचे काय मोडतो, हे आधी तपासलेले असावे. पायथनने पहिली अट पाळली, दुसरी उशिरा पाळली, तिसरीचा भार लोकांवर टाकला. गोने आणि रस्टने त्यापासून धडा घेतला.

तिसऱ्या अटीत मात्र आपलाही वाटा आहे. या भाषांपैकी बहुतेकांचे काम उघड्यावर चालते. चाचण्या कोणीही सुचवू शकतो, पुस्तिकेतील उणीव कोणीही दाखवू शकतो. ‘क्षमा’, ‘तऱ्हा’, ‘स्त्री’, ‘राष्ट्र’ हे शब्द तेथील चाचण्यांत कोणीतरी नेऊन बसवावे लागतात. ‘तऱ्हा’तील रफाराचे आपले खास मराठी वळण मोडले, तर ते दूरच्या देशातल्या अभियंत्याला दिसणार नाही, त्याला ते वळण असते हेच ठाऊक नाही. चाचणीत नोंदलेले असेल तर यंत्र त्याला थांबवील. आपल्या विद्यापीठांतील संगणकशास्त्राचे विभाग आणि मराठीचे विभाग यांना एका टेबलाशी बसवणारे याहून साधे काम मला सुचत नाही : मराठी लेखनाच्या नियमांतून शब्द निवडायचे, अपेक्षित उत्तर लिहायचे, आणि ते योग्य ठिकाणी पाठवायचे. त्याचे प्रकाशन होणार नाही, त्यावर परिसंवाद झडणार नाहीत. पण पुढच्या आवृत्तीत आपला शब्द मोडला, तर त्या दिवशी कोठेतरी एक दिवा लाल होईल आणि आवृत्ती निघण्याआधी कोणीतरी विचारील, हे का मोडले?